मेजापलीकडचा शेजारी

कचेरी हे एक विलक्षण कुटुंब आहे. सख्खा भाऊ आपण निवडत नाही, तसा शेजारच्या मेजावरचा सहकारीही आपण निवडत नाही. बदलीचा हुकूम येतो, एक जण जातो, दुसरा येतो. आणि मग पुढील कित्येक वर्षे दिवसाचे उत्तम तास आपण त्या परक्या माणसाच्या संगतीत घालवतो. त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी कुठवर आली, त्याच्या आईचे गुडघे कसे आहेत, घराच्या कर्जाचे किती हप्ते उरले, हे सारे आपल्याला मुखोद्गत असते. या कुटुंबाला कुळाचार नाही आणि कुलदैवतही नाही. ते टिकते ते थट्टेच्या आधारावर.

थट्टेचे विषय तरी काय! साहेबांच्या खोलीतून वाजणारी घंटा, लेखापरीक्षकांचे शेरे, आणि गरज संपल्यावरच सापडणारी फाइल. पूर्वी हजेरीपटावर उशिराची लाल खूण टाळण्यासाठी हेडक्लार्कांची मनधरणी करावी लागे. आता दाराशी बोटाचा ठसा घेणारे यंत्र बसले आहे. ते जुन्या हेडक्लार्कांहून कडक, कारण त्याला चहा पाजता येत नाही. अशा लहानसहान विनोदांनी कारकुनाचा दिवस सुसह्य होतो. ज्या कचेरीत कोणी हसत नाही तिथे काम अधिक होते असा अनुभव नाही. तिथे तक्रारअर्ज मात्र अधिक होतात.

महाराष्ट्रातील पुष्कळ कचेऱ्यांत या कुटुंबाचा एखादा सदस्य ख्रिस्ती असतो. कोणी नगरकडचा, कोणी वसईचा, कोणी गोव्याहून आलेला. वर्षभर तो इतरांसारखाच महागाई भत्त्याची वाट पाहतो आणि इतरांसारखाच लोकलमध्ये लोंबकळतो. पण डिसेंबर उजाडला की साऱ्या कचेरीला एकाएकी त्याच्या धर्माची आठवण होते. "काय हो, केक केव्हा?" हा प्रश्न पहिल्या तारखेपासून सुरू होतो. प्रश्नात दुष्टावा नसतो, आपुलकीच असते. तरी विचारावेसे वाटते: वीस वर्षे ज्याच्या शेजारी बसलो, त्याच्या श्रद्धेविषयी आपल्याला केकापलीकडे काय ठाऊक आहे? आजच्या या सणाच्या पानावर त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावा असे योजिले आहे.

प्रथम थट्टेचेच पाहू. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कचेरीत आनंदीआनंद असतो, कारण शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग सुटी मिळते. त्या आनंदाच्या भरात कोणीतरी ख्रिस्ती सहकाऱ्याचा हात हातात घेऊन त्याला गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा देतो. हल्ली या शुभेच्छा भ्रमणध्वनीवर फुलांच्या चित्रांसह पहाटेच येऊन पोहोचतात. हा दिवस ख्रिस्ताच्या क्रूसावरील मृत्यूचा. ख्रिस्ती घरात त्या दिवशी उपवास असतो आणि दुपारी तीनच्या सुमारास, प्रभूने देह ठेवला त्या घटकेला, भक्तमंडळी मंदिरात मौनाने प्रार्थना करतात. आपल्या घरी वडिलांचे श्राद्ध असावे, पाने वाढलेली असावीत, आणि दारात कोणी पुष्पगुच्छ घेऊन अभिनंदनास यावे, तसाच हा प्रकार. ख्रिस्ती सहकारी बहुधा हसून वेळ निभावून नेतो. त्याला समोरच्याचे अज्ञान ठाऊक असते आणि हेतूही.

दुसरी थट्टा याहून थोडी बोचरी. "अहो, तुम्ही ख्रिस्ती असून मराठी किती शुद्ध बोलता!" हे वाक्य कौतुकाचे समजून बोलले जाते. ज्याच्या आजीने जात्यावर ओव्या म्हटल्या, ज्याच्या घरी प्रार्थना मराठीत, भांडण मराठीत आणि अंगाईही मराठीत, त्याला हे कौतुक कसे वाटत असेल? आपल्या आईला आपण चांगले ओळखतो याबद्दल कोणी पाठ थोपटावी, तसेच ना?

आणि तिसरा प्रश्न तर थट्टेच्या वेषात येतो, पण थट्टा नसतो. "ते असो, पण तुम्ही मूळचे कोण?" विचारणारा हसत असतो, उत्तर देणाऱ्याला मात्र ठाऊक असते की हा प्रश्न त्याच्या धर्माचा नसून आजोबांच्या जातीचा आहे. अस्पृश्यतेच्या दाहातून बाहेर पडण्यासाठी महाराष्ट्रात अनेक कुटुंबांनी ख्रिस्ताचा आश्रय घेतला. त्यांच्या नातवाला कचेरीच्या चहाच्या टेबलावर पुन्हा त्याच वेशीबाहेर नेऊन उभे करणारा हा प्रश्न आहे. तो ऐकून ज्या दिवशी ख्रिस्ती सहकाऱ्याचा डबा एकट्याने उघडू लागतो, त्या दिवशी कचेरीच्या कुटुंबातील एक घर मिटते. खाते क्रमांक, पदनाम, ज्येष्ठतासूची सारे जागच्या जागी राहते. फक्त माणूस निघून गेलेला असतो.

ख्रिस्ती माणूस मराठी कसा, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच जिभेवरच्या शब्दांकडे पाहावे. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्याचा अर्थ जन्म, जन्मोत्सव. पण त्याच गलबतातून आणखीही पुष्कळ शब्द आपल्या किनाऱ्याला उतरले. तिजोरीची चावी पोर्तुगीज, डब्यातला बटाटा पोर्तुगीज, मधल्या सुटीतला पाव पोर्तुगीज. आणि ज्या शब्दाच्या उच्चारासरशी कचेरीतील सर्व धर्मांचे डोळे एकाच भक्तिभावाने लकाकतात, तो 'पगार' हा शब्दही पोर्तुगीजच. पगार परका म्हणून तो नाकारल्याचे उदाहरण अद्याप कोणत्याही दप्तरात सापडलेले नाही.

रविवारची सुटी घ्या. ख्रिस्ती जगताने रविवार पाळला तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र तो आपोआप मिळाला नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी चळवळ केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, ही गोष्टही लोखंडे यांनी पुढे मांडली होती. म्हणजे ज्या दिवशी एक शेजारी उपासनेला जातो, त्याच दिवशी दुसरा भंडारा उधळतो, आणि तिसरा उशिरापर्यंत झोपतो. तिघांनाही त्या दिवशी साहेब भेटत नाहीत, हा त्या वाराचा सर्वधर्मीय महिमा!

भाषेची कथा याहून जुनी आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने मराठी आत्मसात केली आणि बायबलातील कथा ओवीछंदात रचून 'क्रिस्तपुराण' सिद्ध केले. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे ते छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. ज्या छंदात ज्ञानदेवांनी गीतार्थ सांगितला, त्याच छंदाकडे परदेशी माणसाला वळावे लागले, कारण इथल्या माणसाचे मन कोणत्या वाटेने जाते हे त्याला उमगले होते. आजच्या काळातील उदाहरण द्यायचे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे देता येईल. 'सुबोध बायबल'चे हे लेखक २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला. मराठी वाचकांनी त्यांना मानाने व्यासपीठावर बसवले. २०२४ मध्ये ते निवर्तले, तेव्हा वसईतील हिंदू घरांतूनही हळहळ व्यक्त झाली.

येथे एखादा श्रद्धाळू वाचक थांबून विचारील, "हे सारे ठीक, पण आमच्या पूर्वजांनी जे सोसले त्याचे काय?" प्रश्न न्याय्य आहे, आणि तो गोड शब्दांनी झाकून ठेवू नये. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. श्रीमंगेश आणि श्रीशांतादुर्गा यांना भक्तांनी रातोरात खाडीपार अंत्रुज महालात नेले. धर्मसमीक्षण सभेचा छळ शतकांपर्यंत चालला. ज्यांची कुलदैवते अशी स्थलांतरित झाली त्यांच्या मनात ती आठवण राहणारच. परंतु इतिहासाचा जाब सत्तेला विचारायचा असतो. तो शेजारच्या मेजावर बसून मासिक विवरणपत्र भरणाऱ्या माणसाला विचारण्यात न्याय नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉय त्याचा आजोबा नव्हता. त्याचे आजोबा आपल्याच आजोबांबरोबर दुष्काळात खडी फोडत होते, आपल्याच गावच्या बाजारात कांदे विकत होते.

धर्मांतराचे दुःख घरात कसे शिरते आणि घर त्यातून कसे सावरते, हे मराठीत जितक्या प्रांजळपणे लिहिले गेले आहे तितके क्वचितच अन्यत्र असेल. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरी पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीवर याहून मोठी आपत्ती कोणती असणार? काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळेच ठेवले. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाने, आपल्या वेळी. या साऱ्याची कहाणी त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे.

त्या पुस्तकातून अश्रू वगळता येत नाहीत, पण वाचकाच्या लक्षात राहते ते हसू. सोवळ्याच्या अतिरेकाने घराला जेरीस आणणारे वडील, हातातले पैसे भेटेल त्याला देऊन रिकाम्या पिशवीनिशी घरी परतणारे टिळक, आणि शाळेचे तोंड न पाहिलेली पण साऱ्यांना ओळखून असलेली गृहिणी. लक्ष्मीबाई जुन्या घराला हसतात आणि नव्या घरालाही हसतात. सर्वांत अधिक हसतात त्या स्वतःला. सोडलेल्या धर्माविषयी त्यांनी विष ओकले नाही, आणि स्वीकारलेल्या धर्माविषयी ढोलही वाजवले नाहीत. त्याच घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. ते हिंदूच राहिले, आणि त्यांच्या ताटावर कोणी धर्माची अट लिहून ठेवली नाही. लक्ष्मीबाईंचे पुस्तक आज हिंदू घरांतही आवडीने वाचले जाते, याचे श्रेय त्या निर्मळ हसण्याला आहे.

ख्रिस्ती श्रद्धा म्हटली की गंभीर चेहरा, काळा झगा आणि क्रूस एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु त्यांच्या धर्मग्रंथाच्या प्रारंभीच्या भागातच एक हसणारे घर आहे. अब्राहाम शंभरीला टेकलेला, पत्नी सारा नव्वदीची. त्यांना पुत्र होईल असे देववचन आले, तेव्हा अब्राहाम हसला, आणि तंबूच्या आडून ऐकणारी म्हातारी सारा मनातल्या मनात हसली. "मी हसलेच नाही," असे ती घाबरून म्हणाली. देवाने तिला सांगितले की नाही, तू हसलीस. त्या हसण्याबद्दल तिला शाप मिळाला नाही. पुढे मुलगा झाला आणि त्याचे नाव ठेवले गेले इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. अविश्वासाचे हसू आनंदाचे हसू होऊन पाळण्यात आले. आपल्या घरांतून नवससायासांनी झालेल्या मुलांची नावे ठेवताना आजीबाई डोळे पुसत हसतात, त्यांना ही सारा परकी वाटण्याचे कारण नाही.

कचेरीच्या विनोदाचे सर्वांत थोर उदाहरणही ख्रिस्ती संतमालिकेतच सापडते. इंग्लंडचे सर थॉमस मोर १५२९ मध्ये राज्याचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. राजानंतरचे मोठे पद! आठवे हेन्री राजे धर्मसंस्थेवर स्वतःचे प्रभुत्व मागू लागले, आणि मोर यांची सदसद्विवेकबुद्धी ते मान्य करीना. १५३२ मध्ये त्यांनी राजमुद्रा परत केली. आता ही वार्ता घरी कशी सांगावी? एरवी रविवारी उपासना आटोपली की त्यांचा सेवक पत्नीच्या आसनाजवळ जाऊन, साहेब निघाले आहेत, अशी वर्दी देत असे. त्या दिवशी मोर स्वतःच टोपी हातात घेऊन पत्नीपुढे लवले आणि म्हणाले, "बाईसाहेब, साहेब गेले!" तिला आधी ती नेहमीची थट्टाच वाटली. मग कळले की खुर्ची खरोखरच गेली आहे. ही हकीकत मोर यांच्या जावयाने, विल्यम रोपर यांनी, लिहून ठेवली आहे.

पद गेले, उत्पन्न आटले. मोर यांनी मुलाबाळांना, सुना-जावयांना जवळ बसवून सांगितले की हळूहळू खर्च कमी करू. आणि तेही झेपेनासे झाले तर झोळ्या घेऊन, मरियेचे स्तोत्र गात, दारोदार भिक्षा मागू, म्हणजे सगळे एकत्र तरी राहू. ज्या समाजाने माधुकरी मागून विद्या केली आणि वारीत दारोदारची भाकरी प्रसाद मानली, त्याला हे शब्द कानाला ओळखीचे वाटतील. १५३५ च्या ६ जुलैस मोर यांचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाचा जिना डळमळत होता. त्यांनी अधिकाऱ्याला सांगितले की वर चढताना तेवढा हात द्या, उतरण्याचे मी माझे पाहून घेईन. चार शतकांनी, १९३५ मध्ये, त्यांच्या धर्मसभेने त्यांना संतपद दिले.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेताना गहिवरणारे अधिकारी आपण पाहतो. खुर्ची गेल्यावर आजारी पडणारेही पाहतो. मोर यांना राजमुद्रा परत करताना हसता आले, कारण त्यांचे खरे आसन अन्यत्र होते आणि त्यांचे घर त्यांच्याबरोबर होते. आपल्या संतांनी काय निराळे सांगितले? त्याच शतकात पैठणचे नाथमहाराज भारुडांतून विंचू, जोगवा, संसार यांची सोंगे उभी करून लोकांना हसवीत होते आणि हसता हसता परमार्थाकडे नेत होते. आणि त्याच वेळी रोम नगरीत फिलिप नेरी नावाचे संत, लोकांनी आपल्याला फार मोठे मानू नये म्हणून, अर्धी दाढी काढून रस्त्याने हिंडत होते. एकमेकांचे नावही न ऐकलेले हे दोन सत्पुरुष. दोघांनी अहंकाराला हसून वाट काढली.

याचा अर्थ दोन्ही धर्म एकच, असे येथे म्हणावयाचे नाही. भेद आहेत, ते खरे आहेत आणि आपापल्या ठायी आदरणीय आहेत. म्हणणे इतकेच की भेद ठेवूनही शेजारी ओळखीचा असू शकतो. आणि श्रद्धाळू हिंदू कुटुंबाला तर ही ओळख करून घेणे इतरांपेक्षा सोपे आहे. ज्याच्या घरी व्रत नाही त्याला शेजाऱ्याचे व्रत काय कळणार? ज्याच्या घरी एकादशी आहे त्याला ख्रिस्ती घराचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ समजावून सांगावा लागत नाही. त्या काळाचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. धर्मगुरू भक्ताच्या कपाळी राख लावतात आणि मातीचा देह मातीस मिळणार याचे स्मरण देतात. ती राख होते गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी जयजयकारासाठी वापरलेल्या झावळ्यांची! मिरवणुकीतले वैभव वर्षभरात कपाळीची राख होते, हा उपदेश भस्म लावणाऱ्या माणसाला कोणी शिकवावा? तरी त्या दिवशी कचेरीत त्याला विचारले जाते, "काय हो, कपाळाला शाई लागली काय?"

पंचांग पाहणाऱ्या घरांना आणखी एक गोष्ट आवडेल. ईस्टरची तारीख ठरते ती चंद्रावरून. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, हा त्याचा साधारण नियम. म्हणून आपली चैत्री पौर्णिमा आणि त्यांचा पवित्र सप्ताह पुष्कळदा हातात हात घालून येतात. २०२३ मध्ये ६ एप्रिलला हनुमान जयंती होती आणि ७ एप्रिलला गुड फ्रायडे. ज्या चंद्राकडे पाहून आपण मारुतीचा जन्म साजरा केला, त्याच चंद्राखाली शेजारच्या घरात शोकाची रात्र जागवली गेली. आणि २ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आगेमागे, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या मृतांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. पितृपक्ष ज्याच्या घरी पाळला जातो त्याला त्या मेणबत्तीचा अर्थ निराळा सांगायला नको.

आता नाताळाकडे येऊ. मराठी ख्रिस्ती घरात या दिवसांत केकाहून अधिक वास दरवळतो तो करंज्यांचा, लाडवांचा आणि शंकरपाळ्यांचा. कोपऱ्यात लहान मुले गवताची गव्हाणी रचतात, कारण प्रभूचा जन्म राजवाड्यात झाला नाही. सरायीत जागा मिळाली नाही, म्हणून आईने बाळाला गुरांच्या गव्हाणीत निजवले. बंदिशाळेत जन्मलेल्या आणि त्याच रात्री यमुनेपार गवळ्यांच्या घरी पोहोचलेल्या बाळकृष्णाचा पाळणा जिथे हलवला जातो, तिथे या गव्हाणीचे मर्म चटकन उमजावे. जिथे गरिबाच्या लेकराला जागा नाही, तिथे देवालाही जागा नाही, असे ती गव्हाणी सांगते.

मग थट्टा सोडून द्यावी काय? मुळीच नाही! थट्टेवाचून कचेरी म्हणजे नुसता फाइलींचा गोठा. परंतु ख्रिस्ती सहकाऱ्याशी थट्टा करताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हाच विनोद त्याच्या वृद्ध आईसमोर करता येईल काय? या विनोदावर तो हसतो तो आनंदाने की नाइलाजाने? आणि त्याने उलट आपल्या घरच्या रूढींवर असाच विनोद केला, तर आपण तितक्याच मोकळेपणाने हसू काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रांजळपणे देता आली तर विनोद खुशाल करावा. शेजारी त्यात भर घालील, कारण स्वतःच्या धर्मगुरूंविषयी, लांबलेल्या प्रवचनांविषयी आणि मंडळीच्या बैठकांतील भांडणांविषयी त्याच्याजवळ आपल्याहून कितीतरी सरस विनोद असतात. ते त्याच्याकडून ऐकावेत. आपण होऊन रचू नयेत.

आणि यात घरातील वडीलधाऱ्यांचा भाग मोठा आहे. बापाने घरी येऊन ख्रिस्ती सहकाऱ्याचा उल्लेख कोणत्या सुरात केला, हे मुले ऐकत असतात. "आमच्याकडचा तो पाववाला" असे बाप म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाकावर तोच शब्द एका लहान मुलाला टोचतो. "आमचे ते वसईचे भाऊ, त्यांच्या आईंनी मला जेवू घातले" असे बाप म्हणाला, तर त्याच बाकावर दोन डबे एकत्र उघडतात. देवघरात सकाळी म्हटलेल्या प्रार्थनेचा अर्थ मुलांना संध्याकाळच्या या वाक्यांतून कळतो. आजकाल परधर्माविषयी कटू मजकूर घरबसल्या हातातल्या पडद्यावर येऊन पडतो, आणि तो पुढे धाडायला एका बोटाचे श्रम पुरतात. अशा वेळी शेजारच्या मेजावरील माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून मगच ते बोट उचलावे. पुष्कळदा ते आपोआप थांबेल.

आपल्याकडे एक जुनी, सुंदर रीत आहे. शेजारणीकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालायची. दिवाळीत आपल्या घरातून ख्रिस्ती सहकाऱ्याकडे गेलेला फराळाचा डबा बहुतेक वेळा नाताळात भरून परत येतो, तोही आपल्याच वळणाच्या करंज्या घेऊन. या खेपेस तो डबा कचेरीच्या टेबलावर उघडून फस्त करू नये. घरी न्यावा, देवापुढे ठेवावा, मुलांना सांगावे की हा कोणाच्या घरून आला, त्यांच्याकडे आज काय आहे, आणि त्यांची आजी कशी आहे. जमल्यास सहकुटुंब त्यांच्या घरी जाऊन ती गवताची गव्हाणी पाहून यावी. आणि पुढील वर्षी गुड फ्रायडेला सहकाऱ्याचा हात हातात घ्यावासा वाटला, तर शुभेच्छा न देता एवढेच म्हणावे, "आज तुमचा उपवास असेल, नाही का? उद्या सावकाश बोलू."